कॉम्पोझिट फिलिंग पुन्हा पुन्हा खरखरीत होतंय? बर (दात घासायचं फिरतं टोक) उचलण्याआधी हे तपासा

कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, पॉलिश करून पाठवलेला पेशंट काही आठवड्यांनी परत येतो, तेव्हा तक्रार साधारण यांपैकी एक असते:

– पहिल्या दिवशी छान चमकत होतं, आता खडूसारखं मंद दिसतं. डाग नाही, नुसती चमक गेली.
– दिसायला ठीक आहे, पण जीभ सारखी तिथेच जाते.
– फिलिंगवर सगळीकडे पिवळट-तपकिरी थर चढलाय, शेजारचा दात मात्र स्वच्छ आहे.
– दात आणि फिलिंग यांच्या सांध्यावर पांढरी रेघ दिसते.
– त्याच सांध्यावर तपकिरी रेघ दिसते.
– टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके आहेत.
– फ्लॉस अडकतो, त्याचे धागे सुटतात आणि नेमकी त्याच दाताची हिरडी रक्ताळते.
– आणि एक लक्षण पेशंटला नाही, आपल्याला खुर्चीपाशी जाणवतं: कितीही घासा, चमक येतच नाही, डिस्क (पॉलिश करायची चकती) चिकट होऊन भरून जाते.

या सगळ्यांवर आपल्याकडे एकच ठरलेलं उत्तर असतं. रबर कप लावायचा, थोडी पेस्ट घ्यायची, अर्धा मिनिट फिरवायचं. चमक येते, पेशंट समाधानाने जातो आणि दोन महिन्यांनी तोच दात घेऊन परत येतो. एका पेशंटच्या वरच्या पुढच्या दातावर मी हे तीन वेळा केलं. चौथ्या वेळी दात नीट वाळवून लूपमधून (भिंगाच्या चष्म्यातून) पाहिला, तर चकाकीखाली डायमंड बरचे समांतर ओरखडे स्पष्ट दिसत होते. पहिल्याच दिवशी पडलेले. पुढच्या तिन्ही वेळा मी त्यांच्यावरून नुसती पेस्ट फिरवली होती.

तेव्हापासून एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते: चकाकी आणि गुळगुळीतपणा वेगळे मोजायचे. पेस्टने ओरखड्यांचे उंचवटे गोल होतात, प्रकाश परत येतो, डोळा फसतो. खोबण्या तशाच राहतात. त्यांत प्लाक (जंतूंचा चिकट थर) बसतो, रंग बसतो, आणि उंचवटे झिजले की मंदपणा पुन्हा वर येतो.

दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पृष्ठभागाचा सरासरी खरखरीतपणा (त्याला आरए म्हणतात) सुमारे ०.२ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या ०.२ पटीच्या, वर गेला की त्यावर प्लाक जास्त साठायला लागतो. त्याच्या खाली आणखी कितीही गुळगुळीत केलं तरी प्लाकच्या बाबतीत फारसा फायदा होत नाही. दुसरा आकडा ०.३ च्या आसपासचा. एवढा फरक जिभेच्या टोकाला कळतो. म्हणून "डोळ्यांना दिसत नाही पण जिभेला लागतं" असं सांगणाऱ्या पेशंटला वहमी ठरवू नका. तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

आता तपासण्या. ज्यांना काहीच खर्च नाही त्या आधी.

धुवा, वाळवा, तिरक्या प्रकाशात बघा

ओला दात नेहमी चमकतो. पाण्याचा किंवा लाळेचा पातळ पापुद्रा ओरखड्यांच्या खोबण्या भरून काढतो आणि वरून सपाट दिसतो. ओल्या पृष्ठभागावर पॉलिश तपासणं म्हणजे पाण्याचं पॉलिश तपासणं. एअर सिरिंजने दहा-पंधरा सेकंद वाळवा, खुर्चीचा दिवा समोरून न टाकता बाजूने टाका आणि लूप असेल तर लावा. समांतर रेघा दिसल्या तर बर किंवा जाड डिस्कचे ओरखडे. सगळीकडे सारखा मंदपणा दिसला तर झीज, नाहीतर वरचा थर मऊ राहिलेला. सुटे खड्डे दिसले तर आत अडकलेली हवा.

मग एक्स्प्लोरर (तपासणीचं टोकदार हत्यार) अगदी हलक्या हाताने सांध्यावरून दोन्ही दिशांनी फिरवा. दाताकडून फिलिंगकडे येताना अडकला तर फिलिंग वर आलेलं आहे. फिलिंगकडून दाताकडे जाताना अडकला तर फिलिंग कमी पडलेलं आहे. दोन्हीकडून अडकला तर मध्ये फट आहे. या एका मिनिटाच्या तपासणीवर पुढचं सगळं ठरतं, कारण वर आलेली कडा घासून जाते, कमी पडलेली कडा घासून आणखी बिघडते.

शेवटी दोन दातांच्या मधून फ्लॉस. तो फाटला तर पुढच्या बाजूला कितीही पॉलिश करा, तक्रार जाणार नाही.

खरखर फिलिंगचीच आहे ना?

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला कीटण लवकर जमतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. पेशंटला ते "फिलिंग खरखरीत झालं" असंच जाणवतं. रंगाचा नुसता पापुद्रा असेल तर मऊ ब्रश आणि बारीक पेस्टने निघून जातो आणि खालून चांगला पृष्ठभाग दिसतो. मग काम संपलं, बरला हात लावायचा नाही.

जाड प्युमिसने (दगडी भुकटीने) मात्र साफ करू नका. कॉम्पोझिट म्हणजे मऊ रेझिन आणि कठीण कणांचं मिश्रण. जाड, सुट्या भुकटीने घासलं की रेझिन आधी झिजतं आणि कण उघडे पडून वर राहतात. साफसफाई करताना आपणच नवी खरखर तयार करतो.

पेशंटला चार प्रश्न विचारा

कोणती टूथपेस्ट? दात पांढरे करण्याचा दावा करणाऱ्या काही पेस्ट आणि कोळशाच्या भुकट्या कॉम्पोझिटची चमक आठवड्यांत उतरवतात. टूथपेस्ट किती घासते हे आरडीए या आकड्याने मोजतात आणि आयएसओच्या मानकात त्याची कमाल मर्यादा २५० आहे. ही इनॅमल (दाताचं वरचं कवच) आणि डेंटिनच्या (त्याखालच्या थराच्या) दृष्टीने घातलेली मर्यादा आहे, कॉम्पोझिटची चमक टिकावी म्हणून नाही. ज्यांच्या पुढच्या दातांवर मोठी कॉम्पोझिट आहेत त्यांना मी कमी घासणारी पेस्ट आणि मऊ ब्रश लिहूनच देते.

कोणता माउथवॉश? अल्कोहोल असलेला रोज वापरला तर रेझिन मऊ पडू शकतं. क्लोरहेक्सिडिन बराच काळ वापरलं तर तपकिरी डाग येतात, आणि ते खरखरीत जागी आधी येतात. त्यामुळे तो डाग आपल्याला पॉलिश कुठे राहिलंय हे दाखवून देतो.

मध्ये कुठे दात साफ करून घेतले का? अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक कॉम्पोझिटवरून फिरलं की ओरखडे पडतात. सोडियम बायकार्बोनेटच्या फवाऱ्यानेही पृष्ठभाग खडबडीत होतो. ग्लायसिन आणि एरिथ्रिटॉलच्या भुकट्या त्यामानाने सौम्य असतात. स्वतःच्या क्लिनिकमध्ये दुसरं कुणी स्केलिंग करत असेल तर कोणत्या दातांवर कॉम्पोझिट आहे हे चार्टवर ठळक लिहा.

फ्लोराइडचं जेल लावलं होतं का? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आपल्याच नोंदीत सापडतं. १.२३ टक्क्यांचं आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइड जेल काचेच्या कणांना खाऊन टाकतं. कॉम्पोझिट असलेल्या तोंडात न्यूट्रल सोडियम फ्लोराइड वापरा. वर्षभर जपलेलं पॉलिश चार मिनिटांच्या जेलने जाताना मी पाहिलंय.

शेवटच्या दोनच पायऱ्या करून पाहा

इथपर्यंत काही सापडलं नाही तर आता हँडपीस (बर आणि डिस्क फिरवणारं यंत्र) हातात घ्या, पण फक्त शेवटच्या दोन पायऱ्यांसाठी: सर्वांत बारीक डिस्क किंवा बारीक डायमंडयुक्त रबर, आणि मग पेस्ट. दात धुवा, वाळवा, पुन्हा तिरक्या प्रकाशात बघा.

चमक आली आणि रेघाही नाहीत, तर ती नेहमीची झीज होती. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने असं हलकं पॉलिश लागणं हा दोष नाही. चमक आली पण वाळवल्यावर रेघा दिसतायत, तर पेस्ट तिथेच थांबवा. ओरखडे खोल आहेत आणि मागे जावं लागणार आहे. चमक आलीच नाही, तर खाली लाइट क्युअरिंगबद्दल (प्रकाशाने कॉम्पोझिट कडक करण्याबद्दल) लिहिलंय तिथे थेट जा. डिस्कची क्रमवारी तुम्हाला मदत करणार नाही.

हत्यारं आणि क्रम

यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण परत येणाऱ्या तक्रारींचं मूळ माझ्या अनुभवात इथेच सर्वांत जास्त वेळा निघालं.

पॉलिशिंग म्हणजे खरं तर मोठे ओरखडे काढून त्यांच्या जागी लहान ओरखडे पाडणं. प्रत्येक पायरीचं काम एवढंच की मागच्या पायरीच्या खुणा पूर्ण पुसायच्या. फिनिशिंगच्या डायमंड बरवर रंगीत कडी असते: लाल कडीचे कण साधारण ३० ते ४० मायक्रॉनचे, पिवळीचे १५ ते २५ आणि पांढरीचे सुमारे ८. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. ओरखडे याच्यापेक्षा बरेच लहान झाले की प्रकाश विखुरत नाही आणि पृष्ठभाग चमकतो. लाल कडीनंतर थेट एक मायक्रॉनची पेस्ट घेतली तर ती ३० मायक्रॉनच्या कणांनी पाडलेल्या खोबणीच्या तळापर्यंत जाणार कशी? सुतारसुद्धा जाड पॉलिशपेपर मारल्यावर लगेच लाखेचा हात देत नाही.

टंगस्टन कार्बाइडचे बर डायमंडपेक्षा गुळगुळीत पृष्ठभाग सोडतात, कारण त्यांची पाती कापतात आणि डायमंडचे कण ओरबाडतात. बारा पात्यांच्या बरने आकार द्या, तीस पात्यांच्या बरने गुळगुळीत करा. आकारासाठी डायमंड लागलाच तर लाल कडीवर थांबू नका, पिवळी आणि पांढरी कडी घेऊन मगच पुढे जा.

ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या डिस्क सपाट आणि फुगीर पृष्ठभागांवर उत्तम काम करतात. कारण सोपं आहे: ॲल्युमिना कठीण, कठीणपणाच्या मोज मापावर ९, काचेचे कण त्याहून बरेच मऊ. त्यामुळे डिस्क रेझिन आणि कण दोन्ही एकाच पातळीवर कापते. मऊ अपघर्षक फक्त रेझिन खातं आणि कण सोडतं. डिस्क चार पायऱ्यांत येतात, सर्वांत बारीक डिस्कचे कण १० मायक्रॉनच्या खालचे असतात. यातली एकही वगळायची नाही. घाईत मधली एखादी डिस्क वगळली जाते, आणि पंधरवड्याने तेच ओरखडे परत दिसतात.

दाढांच्या खाचांत डिस्क पोहोचत नाही. तिथे टोकदार रबर, कप, सिलिकॉन कार्बाइडचे तंतू असलेला ब्रश किंवा लवचीक पाकळ्यांचं चक्र वापरा. पुढच्या दातांवर डिस्क जपून फिरवा. दाताच्या कडांचे कोन आणि पृष्ठभागावरच्या बारीक लाटा पुसून टाकल्या तर फिलिंग गुळगुळीत होतं, पण शेजारच्या दाताशी जुळत नाही.

मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती अशी: प्रत्येक पायरीला दिशा बदला. जाड डिस्क आडवी फिरवली असेल तर पुढची उभी फिरवा. मग मागच्या पायरीचे ओरखडे नव्या ओरखड्यांना काटकोनात उठून दिसतात आणि ते पूर्ण गेले की नाही हे लगेच कळतं. सगळ्या पायऱ्या एकाच दिशेने केल्या तर जुने ओरखडे नव्यांत लपतात.

प्रत्येक पायरीनंतर पाण्याने धुवा. सुटलेला एखादा जाड कण पुढच्या डिस्कखाली अडकला तर तो बारीक पायरीतही जाड ओरखडा पाडत राहतो. धुण्याचा खर्च शून्य, आणि वगळली जाणारी पायरीही नेमकी हीच.

दाब हलका ठेवा. डिस्क वाकून तिच्या मधला धातूचा भाग फिलिंगला लागला तर राखाडी डाग पडतो, आणि तो डाग पुढे "फिलिंग काळं पडलं" म्हणून परत येतो. रबर पॉलिशर कोरडा आणि जोरात दाबून चालवला की रेझिन तापून मऊ पडतं आणि पृष्ठभागावर फासलं जातं. त्या दिवशी सुंदर चमकतं, टिकत नाही. उष्णतेचा खरा धोका तर आत आहे. झॅक आणि कोहेन यांच्या १९६५ सालच्या माकडांवरच्या प्रयोगात पल्पचं (दाताच्या आतल्या जिवंत गाभ्याचं) तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सिअसने वाढल्यावर काही दातांचा पल्प सावरला नाही. म्हणून थांबत थांबत, पाणी किंवा हवा सुरू ठेवून काम करा. वेग किती ठेवायचा हे त्या त्या पॉलिशरच्या पाकिटावर छापलेलं असतं. ते वाचा, अंदाजाने पेडल दाबू नका.

डिस्क एकदाच वापरायची. भरलेला, गुळगुळीत झालेला रबर कप फक्त उष्णता देतो. पेस्टचे वेगवेगळे कप ठेवा, जाड पेस्टचा कप बारीक पेस्टमध्ये बुडवला की बारीक पेस्टची डबी कायमची गेली.

हँडपीस थरथरतोय का, तेही पाहा. नवा बर लावून हळू फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक गोल फिरताना धूसर दिसलं तर बेअरिंग किंवा चक गेलंय. अशा हँडपीसने कितीही काळजी घेतली तरी पृष्ठभागावर लाटा पडतात. हे आपण उघडून दुरुस्त करायचं काम नाही, तंत्रज्ञाकडे पाठवा.

या सगळ्या वेळी सक्शन जवळ आणि मास्क नीट बसलेला असू द्या. कॉम्पोझिटची धूळ फार बारीक असते, तुमच्या आणि मदतनिसाच्या फुप्फुसात जाण्याइतकी.

दोन दातांच्या मधली बाजू

फ्लॉस फाटत असेल तर आधी १२ नंबरच्या वाकड्या ब्लेडने वर आलेला भाग हलक्या हाताने छिला, मग जाड ते बारीक अशा क्रमाने फिनिशिंग स्ट्रिप ओढा. स्ट्रिप दोन दात जिथे टेकतात त्या संपर्कबिंदूच्या खाली ठेवा. बिंदूवरूनच करवतीसारखी ओढली तर संपर्क सुटतो आणि अन्न अडकण्याची नवी तक्रार सुरू होते.

लाइट नीट लागला होता का?

पृष्ठभाग मऊ, चिकट, पॉलिश घेतच नाही, तर संशय क्युअरिंग लाइटवर. बहुतेक कॉम्पोझिटमधला कॅम्फरक्विनोन सुमारे ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने जागा होतो. आधी लाइटचं टोक बघा: त्यावर वाळलेलं कॉम्पोझिट चिकटलेलं असतं आणि ते कित्येक दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. मग रेडिओमीटर (प्रकाशाची तीव्रता मोजणारं यंत्र) लावा. प्रति चौरस सेंटिमीटर ४०० मिलिवॉटच्या खाली आकडा आला तर तो लाइट वापरायचा नाही.

रेडिओमीटर नसेल तर आयएसओ ४०४९ मधल्या खरवडण्याच्या चाचणीवर आधारलेला एक साधा प्रयोग करता येतो. छोट्या नळीत कॉम्पोझिट भरा, वरून नेहमीच्या वेळेएवढा लाइट द्या, बाहेर काढा आणि खालचा मऊ भाग प्लॅस्टिकच्या चपट्या हत्याराने खरवडा. उरलेल्या कडक भागाची उंची मोजून निम्मी करा. तेवढ्या जाडीचा थर तुमचा लाइट खात्रीने कडक करतो. हे उत्तर दोन मिलिमीटरच्या खाली आलं आणि तुम्ही दोन मिलिमीटरचे थर लावत असाल, तर गेल्या काही महिन्यांतल्या बऱ्याच तक्रारींचं उत्तर तुम्हाला मिळालं.

वरचा थर कसा सोडला होता?

कडक होताना हवेला उघड्या राहिलेल्या कॉम्पोझिटचा सर्वांत वरचा पातळ थर ऑक्सिजनमुळे अर्धवट राहतो. हा थर घासून काढायचाच असतो. कुठेतरी राहून गेला तर तिथे रंग धरतो. शेवटच्या थरावर ग्लिसरीनचं जेल लावून पुन्हा लाइट दिला तर हवा आत पोहोचत नाही आणि ही अडचण बरीच कमी होते.

मायलर (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) स्ट्रिपखाली कडक झालेला पृष्ठभाग कोणत्याही पॉलिशपेक्षा गुळगुळीत असतो, हे खरं आहे. म्हणून काहीजण तो तसाच सोडतात. पण त्या थरात रेझिन जास्त आणि कण कमी असतात, त्यामुळे तो मऊ असतो, लवकर झिजतो आणि डागाळतो. तो थर काढून मग पॉलिश करणंच योग्य.

आणि एक सवय, जी सोडायला मला बराच काळ लागला. कॉम्पोझिट हत्याराला चिकटू नये म्हणून टोक बाँडिंगमध्ये (फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवात) किंवा अल्कोहोलमध्ये बुडवून पृष्ठभाग सपाट करणं. त्याने वरचा थर पातळ आणि कमजोर होतो. हत्यार कोरडं, स्वच्छ आणि बिनओरखड्याचं ठेवा. चिकटतच असेल तर हत्यार बदला. काळे ठिपके असतील तर तेही बहुधा भरतानाच अडकलेल्या हवेचे बुडबुडे आहेत. घासत गेलात तर खालचे आणखी उघडतील. ते उघडून, स्वच्छ करून, बाँडिंग लावून भरा आणि मग पॉलिश करा.

कॉम्पोझिटचं कडक होणं लाइट बंद झाल्यावरही पुढचे अनेक तास थोडं थोडं चालू राहतं. म्हणून पुढच्या दातांचं शेवटचं पॉलिश मी शक्यतो दुसऱ्या भेटीत करते. पेशंट पुन्हा येऊ शकत नसेल तर त्याच दिवशी, पण हात आणखी हलका ठेवून.

साहित्यच तसं आहे का?

दंतसंशोधक रफेल बोवेन यांना १९६२ साली कॉम्पोझिटच्या पायाभूत बिस-जीएमए रेझिनचं पेटंट मिळालं. सुरुवातीच्या त्या कॉम्पोझिटमध्ये क्वार्ट्झचे कण कित्येक मायक्रॉनचे असत. रेझिन झिजलं की कण वर यायचे, निसटले की खड्डा राहायचा. पॉलिश कितीही चांगलं केलं तरी टिकायचं नाही. पुढे मायक्रोफिलमध्ये कण ०.०४ मायक्रॉनवर आले आणि चमक टिकू लागली, पण ताकद कमी पडली. मायक्रोहायब्रिडचे कण सरासरी ०.४ ते १ मायक्रॉनचे, ते मजबूत, पण त्यांची चमक नॅनोच्या (अतिसूक्ष्म कणांच्या कॉम्पोझिटच्या) तुलनेत लवकर उतरते. नॅनो कॉम्पोझिट झिजलं तरी निसटणारा कण लहान असतो, म्हणून खड्डाही लहान.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की दाढेसाठी आणलेलं साहित्य पुढच्या दाताच्या दर्शनी भागावर वापरलं असेल तर परत परत पॉलिश करून उपयोग नाही. वरचा अर्धा-एक मिलिमीटर काढून त्यावर चांगलं पॉलिश घेणाऱ्या कॉम्पोझिटचा थर द्या.

पांढरी रेघ, तपकिरी रेघ

पांढरी रेघ वाळवल्यावर उठून दिसत असेल आणि ओली केल्यावर फिकी होत असेल, तर तिथे बारीक फट किंवा इनॅमलची चिरलेली कडा आहे. कॉम्पोझिट कडक होताना घनफळाने साधारण दोन ते पाच टक्के आकसतं आणि कडेचं इनॅमल ओढून तोडतं. नाहीतर फिनिशिंग करताना कोरडा बर जोरात चालल्याने ती कडा फुटते. ताजी आणि उथळ असेल तर धुऊन, ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडने एचिंग करून (पृष्ठभागावर सूक्ष्म खाचा पाडून), पातळ सीलंट (फट बंद करणारं रेझिन) लावून, हवेने पसरवून लाइट द्या. सीलंट काही महिन्यांत झिजतो, पण तोवर फटीत रंग जात नाही. खरखरीत पृष्ठभागावर पॉलिशऐवजी सीलंट फासणं मात्र चूक आहे.

तपकिरी रेघ फक्त कडेच्या पातळ पापुद्र्यावर असेल तर बारीक डिस्कने जाते. गेली नाही तर फट आत जातेय. तेवढी कडा उघडून दुरुस्त करा.

इथे थांबा

एक्स्प्लोरर फटीत घुसतोय, आत मऊ लागतंय, किंवा कडेखाली राखाडी सावली आहे: पॉलिश करू नका. एक्स-रे काढा, खाली कीड असू शकते.

थंड लागल्यावर कळ बराच वेळ राहते किंवा रात्री दुखून जाग येते: हा पल्पचा प्रश्न आहे. रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे पाठवा. त्या दातावर आणखी उष्णता आणि थरथर नको.

कडा गुळगुळीत करूनही हिरडी रक्ताळते आणि प्रोब (हिरडीची खोली मोजणारी सळई) चार मिलिमीटर किंवा जास्त जातो: हिरड्यांच्या तज्ज्ञाचं मत घ्या. फिलिंगची कडा हाडाच्या फार जवळ असेल तर वरून घासून ते सुटणार नाही.

तीच कडा पुन्हा पुन्हा तुटते, समोरचे दातही झिजलेले आहेत: दात खाण्याची सवय किंवा चाव्याचा दोष आहे. तो आधी, फिलिंग नंतर.

वर्षात तिसऱ्यांदा पॉलिशला आलेला दात: फिलिंग पातळ होत चाललंय आणि शेजारचं इनॅमलही त्यासोबत जातंय. वरचा थर बदला किंवा पूर्ण नवं करा, आणि हे पेशंटला स्पष्ट सांगा.

हे वाचणारे पेशंट असतील तर त्यांच्यासाठी: नखाची कानस, पॉलिशपेपर, सोड्याने घासणं, यांपैकी काहीही घरी करू नका. फिलिंग कुठे खुपतं ते नेमकं बोटाने दाखवता येईल एवढं लक्षात ठेवा आणि दंतवैद्याकडे जा.

आणि दोघांसाठीही. खरखरीत फिलिंगसमोर जिभेवर किंवा गालाच्या आत जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर कडा गुळगुळीत केल्यावर तो दोन आठवड्यांत भरून यायला हवा. पॉलिश केलं त्याच दिवशी पंधरा दिवसांनंतरची तारीख देऊन ठेवा, त्या दिवशी फक्त ती जागा बघा. चट्टा तसाच असेल तर फिलिंगकडे बघणं सोडा आणि पेशंटला त्याच आठवड्यात मुखरोगतज्ज्ञाकडे किंवा मुखशल्यचिकित्सकाकडे बायोप्सीच्या निर्णयासाठी पाठवा.